खाडीतल्या एका माशीला नाव देताना : प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका खाडीवरचं आहे. संबंधितांच्या परवानगीने लिहिलं आहे. माणसांची, कॉलेजची आणि गावाची नावं गाळली आहेत. माशीचं शास्त्रीय नावही इथे नाही, कारण ते दिलं की बाकीचं सगळं कुणालाही दोन मिनिटांत शोधता येईल. काम चालू असताना या माशीचे फोटो आणि पुढे काही नमुने माझ्याकडे मताकरता आले होते, त्यामुळे कोणत्या वेळी काय ठरलं आणि का ठरलं, हे मला जवळून पाहता आलं.

‘कोकणात नवी प्रजाती सापडली’ अशा बातम्या आपण अधूनमधून वाचतो. त्या कामात सापडणं हा भाग लहान. कोकणातल्या खाडीत किंवा सड्यावरच्या पावसाळी डबक्यापाशी नीट जाळं फिरवणाऱ्याला नाव नसलेली माशी भेटण्याची शक्यता चांगली आहे. खरं काम त्यानंतर सुरू होतं. हिला आजवर कुणी नाव दिलेलं नाही हे दाखवायचं असतं, आणि ते अशा रीतीने की पन्नास वर्षांनी एखाद्याला शंका आली तर त्याला आपलं म्हणणं पहिल्यापासून तपासता यावं. या प्रकरणातले जवळजवळ सगळे निर्णय याच मुद्द्यापाशी येऊन ठरले.

पार्श्वभूमी

जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा एमएस्सीचा विद्यार्थी कांदळवनातल्या चिखलावरचे कीटक हा विषय घेऊन प्रकल्प करत होता. तो स्वतः खाडीकाठचाच. त्याच्या मार्गदर्शक मॅडमचा अभ्यास फुलपाखरांचा. माश्यांच्या वर्गीकरणाचं शिक्षण दोघांपैकी कुणाचंच नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे असं काम सुरू करणाऱ्यांपैकी बहुतेकांची स्थिती हीच असते.

खाडीच्या त्या भागात तिवर जास्त, आतल्या अंगाला चिपी आणि कांदळ. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की तिवराच्या वर आलेल्या मुळांमधला चिखल उघडा पडतो. कुर्ल्या बिळांतून बाहेर येतात, निवट्या सरपटू लागतात, आणि त्याच ओल्या पृष्ठभागावर शेकडो बारीक माश्या धावताना दिसतात. गावात या सगळ्यांना सरसकट ‘चिलटं’ म्हणतात. त्यांत चावणारी खरी चिलटं असतात, खारट पाण्याच्या काठावर वाढणाऱ्या माश्या असतात, आणि लांब पायांच्या, हिरवट धातूसारख्या चमकणाऱ्या माश्याही असतात. या शेवटच्या गटाचं कुळ डोलिकोपोडिडी. जगभरात या कुळातल्या ७,००० हून अधिक प्रजातींना नावं मिळाली आहेत. प्रौढ माश्या शिकारी असतात. स्वतःहून लहान, मऊ अंगाचे कीटक धरून खातात. बऱ्याच प्रजातींत नराच्या पायांवर काही ना काही सजावट असते: केसांची रांग, चपटा झालेला सांधा, पायाच्या टोकाशी पांढरा ठिपका. मादीसमोर नर हे पाय हलवून दाखवतो. प्रजाती ओळखायला या खुणा फार उपयोगी पडतात, आणि म्हणूनच या कुळात नर हाती नसेल तर काम अडतं.

कांदळवनात झाडांच्या प्रजाती मोजक्याच असतात, त्यामुळे कीटकही मोजकेच असतील असा समज बराच काळ होता. सिंगापूरच्या कांदळवनांवरचा एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात कीटकांच्या ३,००० हून अधिक प्रजाती निघाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच शेजारच्या जंगलांत मिळत नव्हत्या. आपल्या किनाऱ्यावर त्या तोडीचं काम झालेलं नाही. त्यामुळे विद्यार्थ्याच्या बरणीत अनोळखी माशी येणं हे मला नवलाचं वाटलं नव्हतं. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, याचं मात्र कौतुक वाटलं.

प्रकल्पात तो पिवळ्या ताटल्यांत साबणाचं पाणी ठेवून माश्या पकडत असे. परतल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली निवडानिवड करताना ‘इतर माश्या’ असं लिहिलेल्या बाटलीतला एक नर त्याने बाजूला काढला. जेमतेम तीन मिलिमीटरचा. पुढच्या पायाच्या पावलावर आतल्या बाजूने आखूड, जाड केसांची एक सरळ ओळ होती, आणि मागच्या मांडीखाली एक बाकदार काटा. त्याच दिवशीच्या मालात तशाच दिसणाऱ्या दोन माद्याही मिळाल्या. दुसऱ्या एका ताटलीत जवळपास तसेच, पण पुढच्या पायावर केसांची ओळ नसलेले काही नर होते. आपल्या हाती एक नाही, दोन नव्या प्रजाती आहेत असं त्याचं मत झालं. मॅडमनी फोटो काढून दोन-तीन जणांना पाठवले. मी त्यांतला एक.

अडचण

पहिली अडचण नमुन्यांची. ज्याच्यावर नवेपणाचा सगळा भार होता, तो नर एकच. एकाच नमुन्यावरून प्रजातीचं वर्णन करायला प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची मनाई नाही. दुर्मीळ कीटकांच्या बाबतीत असं वारंवार होतं. पण एका नमुन्यावरून नराच्या आकारात किती फरक पडतो, काटा सगळ्यांना असतो की या एकालाच, केसांची संख्या बदलते का, यातलं काहीच सांगता येत नाही.

दुसरी अडचण जुन्या साहित्याची. आपल्याकडच्या माश्यांचं वर्णन गेली शे-दीडशे वर्षं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासकांनी, वेगवेगळ्या भाषांत केलं आहे. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेत कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये काम केलेल्या एन्रिको ब्रुनेटी यांचे माश्यांवरचे खंड १९१२, १९२० आणि १९२३ साली निघाले, पण या कुळापर्यंत ती मालिका पोचली नाही. इंडो-ऑस्ट्रेलियन प्रदेशातल्या या कुळावर थिओडोर बेकर यांचा जर्मन ग्रंथ १९२२ चा. पुढची वर्णनं नियतकालिकांत विखुरलेली. ‘मला कुठे सापडलं नाही’ आणि ‘हे कुणी लिहिलेलं नाही’ या दोन विधानांत केवढं अंतर आहे, ते या कामात पडल्यावर कळतं.

तिसरी अडचण वेळेची, आणि तीच सगळ्यांना सर्वांत जास्त जाणवत होती. विद्यार्थ्याचं वर्ष संपत आलं होतं. खाडीच्या वरच्या अंगाला खारबंदिस्तीचा, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवणारा जुना बांध फुटला होता आणि त्याच्या दुरुस्तीची चर्चा गावात सुरू होती. दगड-मातीची वाहतूक नेमक्या त्याच चिखलावरून होईल अशी भीती होती. त्यातच पावसाळा तोंडावर आला होता. पावसात खाडीचं पाणी गोडं होतं, चिखलावर गाळाचा नवा थर बसतो, आणि काय दिसेल याचा भरवसा राहत नाही.

समोर असलेले पर्याय

तातडीने प्रसिद्ध करणं हा पहिला पर्याय होता. पैसे भरले की आठवड्याभरात लेख छापणारी नियतकालिकं आहेत, आणि अशा एका ठिकाणाहून मॅडमना ईमेलही आलं होतं. विद्यार्थ्याचा कल इकडे होता आणि त्याचं कारण समजण्यासारखं होतं: बांधाचं काम सुरू व्हायच्या आधी माशीला नाव मिळालं तर ती जागा वाचेल, असं त्याला मनापासून वाटत होतं.

या मुद्द्यावर मॅडम आणि माझं बरंच बोलणं झालं. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे ते कांदळवन म्हणून. २०१९ च्या सागरी किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत कांदळवनं सर्वांत कडक वर्गात, म्हणजे सीआरझेड-१ए मध्ये येतात, आणि क्षेत्र १,००० चौरस मीटरहून मोठं असेल तर भोवती ५० मीटरचा पट्टा राखायचा असतो. एखाद्या माशीला नाव मिळाल्याने त्यात आपोआप कसलीही भर पडत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत नाव येणं ही पूर्णपणे वेगळी प्रक्रिया. तेव्हा जागेसाठी बोलायचं असेल तर आजच, कांदळवनाच्या नियमाच्या आधारे बोलावं, आणि माशीचं काम माशीच्या गतीने होऊ द्यावं, असं माझं म्हणणं होतं. विद्यार्थ्याला हे पटायला वेळ लागला.

दुसरा पर्याय नमुने परदेशातल्या तज्ज्ञाकडे पाठवण्याचा. या माशीच्या वंशावर, म्हणजे कुळातल्या तिच्या लहान गटावर, काम केलेली माणसं जगात थोडीच, आणि मदत करायला तयार असतात. पण जैविक विविधता कायदा, २००२ मुळे जैविक नमुना देशाबाहेर पाठवताना परवानगीचे नियम आधी पाहावे लागतात. पाकिटात घालून पोस्टात टाकून मोकळं होता येत नाही. शिवाय एकुलता एक नर टपालात हरवला तर सगळंच संपलं.

तिसरा पर्याय पावसाळा जाऊ देऊन पुढच्या हंगामात आणखी नर मिळवण्याचा. यात विद्यार्थ्याचा प्रबंध नावाविना जाणार होता.

चौथा पर्याय मॅडमनीच मांडला: फोटो आणि नोंदी उघडपणे उपलब्ध करून प्रजातीला क्रमांक द्यायचा, वर्णन भविष्यातल्या कुणावर सोपवायचं. हा पर्याय वाटतो तितका कमी दर्जाचा नाही. घाईत केलेल्या वाईट वर्णनापेक्षा नीट ठेवलेला अनामिक नमुना शास्त्राच्या जास्त उपयोगी पडतो. घाईचं वर्णन मागाहून निस्तरायला दुसऱ्या कुणाची तरी वर्षं जातात.

अखेर तिसरा पर्याय ठरला. प्रबंधात या माशीला ‘प्रजाती अ’ एवढंच म्हटलं गेलं. मनात योजलेलं नाव तिथे लिहायचं नाही हे मॅडमनी ठामपणे सांगितलं. वर्णन आणि मूळ नमुन्याची नोंद यांच्याविना छापलेलं नाव संहितेच्या दृष्टीने उपलब्ध, म्हणजे गणनेत घेण्याजोगं, ठरत नाही, पण ते लोकांच्या लिखाणात फिरत राहतं आणि पुढे गोंधळ घालतं.

काय केलं

पहिलं काम होतं आहे ते सांभाळण्याचं. कोकणातल्या पावसाळ्यात टाचणीवरच्या माशीला आठवड्यात बुरशी येते आणि खाऱ्या हवेने टाचणी गंजते. पण सगळे नमुने अल्कोहोलमध्येच ठेवले तर अंगावरची राखी भुकटीसारखी झाक दिसेनाशी होते, आणि ती वर्णनात लागते. म्हणून एक मादी त्रिकोणी कार्डाच्या टोकावर चिकटवून कोरडी ठेवली, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात. नर आणि दुसरी मादी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजमध्ये गेली. पुढे डीएनएचं काम शक्य झालं ते यामुळे. नेहमीच्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये, उघड्या फडताळावर ठेवली असती तर डीएनए तुटत गेला असता.

पाऊस ओसरल्यावर, दिवाळीनंतर, पुन्हा खाडीवर जाणं सुरू झालं. कांदळवन वनखात्याच्या ताब्यातलं, पहिल्या परवानगीची मुदत संपलेली, म्हणून आधी नवं पत्र घेतलं. आणि मग कितीही ताटल्या मांडल्या तरी तो नर मिळेना. ताटल्या भरतीला तरंगून जात, किंवा त्यांत भलत्याच माश्या भरत.

मार्ग दाखवला तो तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, काढायला येणाऱ्या एका काकींनी. विद्यार्थ्याने मोबाइलवरचा फोटो दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “ही माशी सुकती लागली की येता, भरती इली की खय जाता ता देवाक म्हायत.” आणखी विचारल्यावर त्यांनी जागाही सांगितली: पाणी मागे हटत असताना अगदी त्याच्या कडेला, जिथे चिखलावर पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो तिथे, आणि तेही उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांत. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत पाणी तितकं मागे जातच नाही, म्हणून तो पट्टा उघडा पडत नाही. विद्यार्थ्याच्या वहीत तारीख, वेळ, तापमान सगळं होतं. भरती-ओहोटीची स्थिती नव्हती. त्या दिवसापासून ती लिहिली जाऊ लागली. ताटल्या बाजूला ठेवून तोंडाने ओढायच्या नळीने, पाण्याच्या कडेने चालत, एकेक माशी पाहून पकडायचं ठरलं. एका उधाणातच नरांची चांगली मालिका हाती आली. नर पुढचे पाय आळीपाळीने उचलून मादीसमोर धरतात हेही दिसलं, आणि त्याचं मोबाइलवर चित्रण झालं. काकींच्या ज्ञानाशिवाय हे प्रकरण पुढे सरकलं नसतं असं मी जबाबदारीने लिहितो.

मग प्रयोगशाळेतलं काम. या कुळात नराचं जननांग पोटाच्या टोकाशी पुढे दुमडलेलं असतं आणि प्रजातींमधले निर्णायक फरक तिथे असतात. पोटाचं टोक कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये हलकं गरम करतात. मऊ भाग विरघळतो, कठीण भाग पारदर्शक होऊन उरतो. तो ग्लिसरीनमध्ये ठेवून कॅमेरा ल्युसिडाने, म्हणजे सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा कागदावर दिसावी अशा उपकरणाने, रेखाचित्र काढायचं. फोटो कितीही उत्तम असला तरी रेखाचित्राला पर्याय नाही, असं माझं मत आहे. हाताने रेघ ओढताना कोणता काटा कुठून निघतो हे ठरवावंच लागतं, आणि ठरवताना डोळे उघडतात. ही शस्त्रक्रिया आधी केसांची ओळ नसलेल्या नरांवर आणि नंतरच्या मालिकेतल्या नरांवर करून हात बसल्यावरच पहिल्या नराला हात लावला गेला.

डीएनएचा निर्णय जास्त नाजूक होता. २००३ साली कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी पुढे आणलेल्या बारकोड पद्धतीत सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. त्यासाठी सहसा एक पाय पुरतो. पण इथे पुढचे आणि मागचे पाय हेच ओळखीचे. म्हणून प्रत्येक नराचा फक्त डावीकडचा मधला पाय घेतला, तोही दोन्ही बाजूंचे फोटो झाल्यावर. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने तुकडे वाचून दिले. उत्तरं दोन मिळाली. माद्या आणि केसांची ओळ असलेले नर एकाच प्रजातीचे निघाले, त्यामुळे जोड्या लागल्या. आणि जागतिक बारकोड संग्रहात या माशीशी जुळणारं काहीच नव्हतं.

विद्यार्थ्याला वाटलं, झालं सिद्ध. इथे थांबवणं फार गरजेचं होतं. भारतातल्या माश्यांपैकी अगदी थोड्यांचेच बारकोड त्या संग्रहात आहेत. जुळणी न मिळण्याचा अर्थ ‘संग्रहात नाही’ एवढाच. शंभर वर्षांपूर्वी नाव मिळालेली माशीही तिथे नसू शकते.

म्हणून जुन्या नावांची यादी केली. त्या वंशात आपल्या भागातून आणि आग्नेय आशियातून वर्णिलेली प्रत्येक प्रजाती, तिचं मूळ वर्णन, मूळ नमुना कुठे आहे, आणि आपल्या माशीहून फरक कोणता. जर्मन वर्णनं शब्दकोश घेऊन लावली. जिथे वर्णन तोकडं होतं तिथे संग्रहालयांना लिहून मूळ नमुन्याच्या नेमक्या भागाचे फोटो मागवले. बहुतेकांनी आनंदाने पाठवले. सगळीकडे ते शक्य नसतं: बुडापेस्टच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातला माश्यांचा संग्रह १९५६ च्या आगीत मोठ्या प्रमाणावर नष्ट झाला आणि त्यात कितीतरी मूळ नमुने गेले. अशा नावांमागे आता फक्त छापील ओळी उरल्या आहेत.

हे काम कंटाळवाणं, पण त्यानेच प्रकरणाचा रंग बदलला. केसांची ओळ नसलेले जे नर ‘दुसरी नवी प्रजाती’ म्हणून वेगळे ठेवले होते, ते जावा बेटावरून पूर्वीच वर्णिलेल्या एका प्रजातीशी जननांगाच्या रचनेपर्यंत जुळले. भारतातून तिची नोंद नव्हती, एवढंच. पहिल्या पर्यायाप्रमाणे घाईने छापलं असतं तर एका जुन्या माशीला दुसरं नाव मिळालं असतं आणि अग्रक्रमाच्या, म्हणजे आधीचं नाव टिकतं या नियमाने ते पुढे बाद झालं असतं. केसांची ओळ असलेली माशी मात्र कशाशीच जुळली नाही.

मूळ नमुना, म्हणजे होलोटाइप, कोणता करायचा यावर पुन्हा चर्चा झाली. विद्यार्थ्याला पहिला नर हवा होता. त्याचा जीव त्यात गुंतला होता. पण तो साबणाच्या पाण्यात बुडून थोडा आखडला होता आणि एक स्पर्शक तुटला होता. शेतजमिनीला जसा सातबारा, तसं प्रजातीच्या नावाला होलोटाइप: वाद झाला की सगळे तिकडेच बोट दाखवणार. तेव्हा मालिकेतला सर्वांत सुस्थितीतला नर होलोटाइप झाला. पहिला नर पॅराटाइप, म्हणजे वर्णनात धरलेल्या बाकीच्या नमुन्यांपैकी एक, म्हणून राहिला, आणि तो सर्वांत आधी मिळालेला नमुना होता हे लेखात नोंदवलं.

नमुने कॉलेजच्या कपाटात ठेवायचे नाहीत यावर एकमत होतं. जैविक विविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवून तिथे नमुना जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी ते काम भारतीय प्राणी सर्वेक्षण करतं. १९१६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं मुख्यालय कोलकात्याला, आणि पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. होलोटाइप तिकडे गेला.

नावाबद्दल थोडक्यात. गावातल्या काहींना गावाचं नाव हवं होतं. काकींचं नाव द्यावं असं विद्यार्थ्याच्या मनात होतं. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी नको म्हटलं, आणि ते मानलं. गावाचं नाव टाळलं, कारण अशी माशी एकाच खाडीत असेल हे संभवत नाही. शेवटी नराच्या पुढच्या पायावरच्या खुणेवरून लॅटिन नाव ठरलं, आणि त्या वंशात ते आधी वापरलेलं नाही हे तपासलं.

लेख समीक्षा करून घेणाऱ्या नियतकालिकाकडे गेला. एका समीक्षकाने मादीचं वर्णन तोकडं असल्याचं सांगून लेख परत पाठवला, दुसऱ्याने ओळख-तक्त्यातला एक फरक पुन्हा मोजायला लावला. दोन्ही आक्षेप योग्य होते. फक्त इलेक्ट्रॉनिक रूपात निघणाऱ्या लेखातल्या नावासाठी २०१२ पासून झूबँक या नोंदवहीत आधी नोंद करून तो क्रमांक लेखातच छापावा लागतो. तेही झालं. दरम्यान एका स्थानिक वार्ताहराला कुणकुण लागली होती. मॅडमनी त्याला स्वच्छ सांगितलं, “लेख छापून येऊ दे, मग सगळं सांगते. तोवर नाव छापू नकोस.” त्याने शब्द पाळला.

निष्पत्ती

प्रजाती प्रसिद्ध झाली. पहिला लेखक विद्यार्थी, तेव्हा तो नोकरी करत होता. आभारात काकींचं नाव त्यांच्या संमतीने आलं, आणि उधाणाच्या सुकतीत ही माशी कुठे शोधावी ही माहिती त्यांची असल्याचं लेखाच्या मुख्य भागातही लिहिलं गेलं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीने लोक जैवविविधता नोंदवहीत माशीची नोंद घेतली. मालवणी वर्णन विद्यार्थ्याने लिहून दिलं. जावाच्या प्रजातीची भारतातली पहिली नोंद स्वतंत्र टिपणात गेली.

बांधाची दुरुस्ती झाली. त्याआधीच मॅडमनी आणि गावातल्या काही जणांनी कांदळवनाच्या नियमावर बोट ठेवून अर्ज दिला होता. वाहतूक जमिनीच्या बाजूने वळवली गेली. त्यात अर्जाचा वाटा किती आणि तिकडून रस्ता सोपा पडत होता याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. माशीच्या नावाचा त्यात काही संबंध नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

भरती-ओहोटीची नोंद पहिल्या दिवसापासून हवी होती. खाडीत काम करणाऱ्याच्या चिठ्ठीवर तारखेइतकीच तिथी महत्त्वाची, कारण उधाण आणि भांग तिच्यावरून कळतात. आणि तिसऱ्या, कालवं काढणाऱ्या बायकांशी बोलणं प्रकल्पाच्या सुरुवातीला व्हायला हवं होतं. दिवाळीनंतरचा वाया गेलेला काळ त्याने वाचला असता.

डीएनएसाठी पाय तोडण्याऐवजी आता अख्खी माशी काही वेळ द्रावणात ठेवून, तिला इजा न करता डीएनए मिळवण्याच्या पद्धती वापरल्या जातात. इतक्या लहान, पायांवरून ओळखल्या जाणाऱ्या माशीसाठी मी तीच सुचवेन. त्या वेळी जी प्रयोगशाळा तयार झाली तिच्याकडे ती सोय नव्हती.

सगळ्यात मोठा प्रश्न वाट पाहण्याचा, आणि त्यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. विद्यार्थ्याचं म्हणणं असं की, प्रबंधाबरोबर लेख आला असता तर पुढची शिष्यवृत्ती मिळाली असती. हे नुकसान खरं आहे, आणि ते शास्त्राने नाही, एका मुलाने सोसलं. माझ्या मते मधला मार्ग होता: पहिल्याच वर्षी, कुठलंही नाव न देता, खाडीतल्या या कुळाच्या माश्यांची सचित्र यादी त्याच्या नावाने चांगल्या नियतकालिकात पाठवता आली असती. त्यात ‘प्रजाती अ’ असती, जावाची प्रजातीही कदाचित तेव्हाच कुणीतरी ओळखली असती, आणि नवं नाव देण्याचं काम पुढच्या हंगामासाठी मोकळं राहिलं असतं. आता त्याच कॉलेजात पुढच्या विद्यार्थ्यांना मॅडम हाच क्रम लावून देतात.

पॅराटाइप सगळे एकाच ठिकाणी ठेवले गेले. काही नमुने दुसऱ्या एखाद्या मान्यताप्राप्त संग्रहात द्यावेत असं मी सुचवलं आहे, आणि त्याचा पत्रव्यवहार सुरू आहे. या माशीची अळी अजून कुणी पाहिलेली नाही. तिवराच्या मुळांतला चिखल चाळून ती मिळते का, हे काम येत्या उधाणांत करायचं ठरलं आहे, आणि त्याची परवानगी या वेळी आधीच काढली आहे.